क्रमांक कोणता? चोरीला गेलेल्या १९३२ फोर्ड रोडस्टरचे प्रकरण

ओळख पटेल असे तपशील या नोंदीत बदलले आहेत किंवा गाळले आहेत. घटना दक्षिण कॅलिफोर्नियातली आहे.

पार्श्वभूमी

गाडी १९३२ ची फोर्ड रोडस्टर (उघड्या टपाची छोटी गाडी), फेंडर म्हणजे चाकांवरचे पत्रे काढलेली, म्हणजे ‘हायबॉय’. हॉट रॉडवाल्यांमध्ये, म्हणजे जुन्या गाड्या वेगासाठी बदलून घेणाऱ्यांमध्ये, या सालच्या फोर्डला ‘ड्यूस’ म्हणतात आणि तिच्यासाठी जीव टाकणारे पुष्कळ आहेत. त्याला कारणही आहे. फोर्डने स्वस्त गाडीत व्ही-८ इंजिन पहिल्यांदा दिले ते याच वर्षी: २२१ घनइंच, ६५ अश्वशक्ती. शिवाय १९३२ च्या चासीच्या, म्हणजे खालच्या पोलादी सांगाड्याच्या, कडांवर बाहेरून दिसणारी एक उठावदार रेघ आहे. त्यामुळे फेंडर काढले तरी गाडी उघडीबोडकी दिसत नाही. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तलावांवर पोरे अशाच गाड्या पळवत. तिथल्या शर्यती भरवणारी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन १९३७ पासूनची.

या गाडीची बॉडी मूळ पोलादी होती. हे महत्त्वाचे, कारण ड्यूसची बॉडी आज फायबरग्लासमध्ये मिळते, नव्याने दाबलेल्या पत्र्यातही मिळते; पण फोर्डच्या कारखान्यातून १९३२ मध्ये निघालेल्या पत्र्याची किंमत वेगळीच. इंजिन १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धातले फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेले जुन्या घडणीचे व्ही-८), सिलिंडर ३ ५/१६ इंच व्यासापर्यंत बोअर करून रुंद केलेले आणि मर्क्युरीची ४ इंच स्ट्रोकची क्रँक घातलेली, म्हणजे २७६ घनइंच. वर तीन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्बुरेटर. पुढे खाली वाकवलेला अॅक्सल, मागे हॅलिब्रँडचा क्विक-चेंज, म्हणजे गिअर झटपट बदलता येणारा डिफरन्शियल. गिअरबॉक्स मात्र ऐंशीच्या दशकातला पाच गिअरचा. विंडशील्ड २ इंचांनी कापून बुटके केलेले.

गाडीचा विमा ‘ठरलेल्या किमती’चा होता, ९५,००० डॉलर. नेहमीच्या मोटार विम्यात कंपनी चोरीच्या दिवशीची बाजारकिंमत देते आणि तिच्यावरून महिनोन्महिने वाद चालतो. ठरलेल्या किमतीत रक्कम आधीच लिहिलेली असते. मालकाने घेतलेला हा निर्णय पुढे बराच उपयोगी पडला.

कागद आणि लोखंड

सगळ्या प्रकरणाची गाठ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

१७ अक्षरी वाहन क्रमांक अमेरिकेत १९८१ पासून प्रमाण झाला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी. १९३२ च्या व्ही-८ फोर्डला ‘१८-’ ने सुरू होणारा, दोन्ही टोकांना तारा असलेला क्रमांक असे. तो चासीच्या डाव्या पट्टीच्या वरच्या बाजूला तीन ठिकाणी ठोकलेला असतो: पुढे स्टिअरिंग बॉक्सजवळ, मधे बॉडीच्या पुढच्या भागाखाली आणि मागे अॅक्सलच्या वर चासी उचललेली असते तिथे. पुढचा डोळ्यांनी दिसतो. बाकीचे दोन बॉडी उचलल्याशिवाय दिसत नाहीत.

हाच क्रमांक गिअरबॉक्सच्या क्लच हाउसिंगवरही (क्लचभोवतालच्या कवचावर) ठोकत आणि लोक त्यालाच ‘इंजिन नंबर’ म्हणत. प्रत्यक्षात या फ्लॅटहेडच्या ब्लॉकवर असा क्रमांक नसतोच. नोंदणी या ‘इंजिन नंबर’वर होत असल्याने १९५० च्या दशकात कोणी दुसऱ्या गाडीचे इंजिन-गिअरबॉक्स बसवले की नोंदणीचा क्रमांकही बदले. या गाडीचे तसेच झाले होते. मालकीच्या टायटलवर ‘९९ए-’ ने सुरू होणारा, १९४० च्या दशकातल्या कुठल्यातरी गाडीचा क्रमांक होता. पुढे पाच गिअरचा बॉक्स आला आणि ते जुने हाउसिंगही गेले. आता टायटलवरचा क्रमांक गाडीवर फक्त एका ठिकाणी उरला: फायरवॉलवर (इंजिन आणि आसने यांच्यामधल्या पत्र्यावर) चार रिव्हेटांनी बसवलेल्या पितळी पट्टीवर. ड्रिल असेल तर पाच मिनिटांचे काम.

थोडक्यात, कागदावरची गाडी आणि लोखंडाची गाडी यांना जोडणारा दुवा म्हणजे ती पट्टी. मालकाला हे ठाऊक होते. टायटल दुरुस्त करून घेणे त्यांनी पुढे ढकलले होते, कारण तपासणीला गाडी न्यायची म्हटल्यावर नसती भानगड मागे लागेल अशी धास्ती. अशा गाड्यांचे बहुतेक मालक असाच विचार करतात.

सुदैवाने काही वर्षांपूर्वी रंगकामासाठी बॉडी उचलली होती. तेव्हा त्यांनी तिन्ही ठिकाणच्या ‘१८-’ क्रमांकाचे फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढले आणि कागद ठेवून पेन्सिलीने ठसेही उतरवले. इंजिन उघडले होते तेव्हाचे फोटोही होते. व्हॉल्व्ह सीट आणि सिलिंडर यांच्यामधल्या भागात फ्लॅटहेडचे ब्लॉक हमखास तडकतात. इथे ती चीर आटे असलेल्या सात पिना ओळीने बसवून शिवलेली होती.

चोरी

जानेवारीअखेर पोमोनाला ग्रँड नॅशनल रोडस्टर शो भरतो. मालक आदल्या रात्री २४ फुटी बंदिस्त ट्रेलरमधून गाडी घेऊन आले आणि जवळच्या मोटेलवर उतरले. पिकअप ट्रक आणि ट्रेलर जोडलेलेच ठेवले. एवढे लांबलचक वाहन रात्री सोडवून पुन्हा जोडायचे जिवावर येते. ट्रेलरच्या कपलरला (ट्रकला जोडणाऱ्या भागाला) कुलूप होते, पण ट्रेलर ट्रकपासून तोडू नये एवढ्यासाठी. ट्रकच नेला तर त्या कुलपाला काही अर्थ नाही. पहाटे साडेपाचला जागा रिकामी होती.

शोच्या आठवड्यात आसपासच्या मोटेलांवर बंदिस्त ट्रेलर उभे असतात आणि आत काय आहे हे सांगायला लागत नाही. या ट्रेलरवर तर मालकाच्या क्लबचे मोठे चिन्ह रंगवलेले होते.

पहिले ४८ तास

पोलीस तासाभरात आले आणि तक्रार नोंदली. मालकाने ट्रक, ट्रेलर आणि गाडी तिन्हींची माहिती दिली. तक्रारीचा क्रमांक मिळाला आणि काम झाले असे सगळ्यांना वाटले.

इथे पहिला निर्णयबिंदू आला. क्लबमधल्या एका निवृत्त पोलिसाने सांगितले, “तक्रारीचा नंबर पुरेसा नाही. तिन्ही वाहनांचे फाइल कंट्रोल नंबर मागा.” कॅलिफोर्नियात वाहनचोरीची नोंद राज्याच्या चोरीच्या वाहनांच्या यादीत चढते आणि तिथून एफबीआयच्या राष्ट्रीय एनसीआयसी यादीत जाते. प्रत्येक नोंदीला स्वतंत्र क्रमांक मिळतो. मालकाने दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा दोनच क्रमांक निघाले, ट्रकचा आणि ट्रेलरचा. १७ अक्षरी नसलेला क्रमांक आणि ट्रेलरच्या आत असलेली गाडी, त्यामुळे रोडस्टर ‘ट्रेलरमधील सामान’ या सदरात गेली होती: हत्यारांची पेटी, चार खुर्च्या, १९३२ फोर्ड.

सामान म्हणून लिहिलेली गाडी वाहनांच्या यादीत शोधली तर सापडत नाही. दुसऱ्या काउंटीतल्या अधिकाऱ्याने ती रस्त्यात थांबवून क्रमांक तपासला असता तर काहीच निघाले नसते. वाहन क्रमांकासह केलेली नोंद एनसीआयसीत भरलेल्या वर्षाखेरपर्यंत आणि पुढची चार वर्षे राहते. क्रमांकाशिवाय केलेली ९० दिवसांत गळून पडते.

मग प्रश्न: नोंद कोणत्या क्रमांकाने करायची? ‘९९ए’ने केली तर कागदाशी जुळते, पण चोर ती पट्टी आधी काढणार. ‘१८-’ने केली तर लोखंडाशी जुळते, पण मालकाकडे त्या क्रमांकाचे टायटल नाही. शेवटी मुख्य नोंद टायटलच्या क्रमांकाने झाली आणि चासीचा क्रमांक त्याच नोंदीच्या शेऱ्यात गेला. तक्रारीला पुरवणी जोडून चासीचे फोटो, पेन्सिलीचे ठसे आणि पिनांचा फोटो दिला. पुरवणीवर अधिकाऱ्याची सही आणि तारीख घेतली. पुढे “हे फोटो नंतर बनवले” असा आक्षेप आला असता, तर त्याचे उत्तर ही तारीख होती.

त्याच काळात क्लबचे लोक मोटेलपासून हमरस्त्यापर्यंतच्या दुकानांत, पेट्रोल पंपांवर गेले. कॅमेऱ्यांचे चित्रण मागायचे नाही, “पुसू नका, पोलीस मागतील” एवढेच सांगायचे असे ठरले होते. बऱ्याच ठिकाणी चित्रण आठवड्याभरात आपोआप पुसले जाते, तपास अधिकारी तिथे पोहोचायला त्याहून जास्त दिवस लागतात. दोन पंपांवरून ट्रक पूर्वेकडे जाताना दिसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रक सॅन बर्नार्डिनो काउंटीतल्या एका मॉलच्या आवारात मिळाला. ट्रेलर नव्हता.

एअरटॅग आणि मोह

हत्यारांच्या पेटीत एक एअरटॅग, म्हणजे अॅपलचा छोटा ट्रॅकर, होता. पहिल्या दिवशी दुपारी त्याने एका औद्योगिक वसाहतीतली जागा दाखवली, दुसऱ्या दिवशी वाळवंटातली. तिथे चौथ्या दिवशी रिकामा ट्रेलर आणि शेजारी फेकलेली पेटी मिळाली. हे का झाले ते उघड आहे. मालकापासून दूर राहिलेला एअरटॅग ८ ते २४ तासांत कधीतरी आवाज करू लागतो, शिवाय जवळच्या फोनवर इशारा जातो. पाठलाग होऊ नये म्हणून केलेली ही सोय चोरालाही सावध करते.

मालकाच्या मुलाला पहिल्याच दुपारी चार मित्र घेऊन त्या वसाहतीत जायचे होते. तीन पर्याय होते: स्वतः जाणे, पोलिसांना लगेच पाठवणे, किंवा जागा फक्त नोंदवून ठेवणे. स्वतः जाण्यात गोळी खाण्याचा धोका तर होताच. शिवाय कोणाच्या बंद जागेत शिरलात तर गुन्हा तुमच्यावर, आणि चोर त्याच रात्री माल हलवणार. पोलीस गेले, पण तिथे एकसारख्या शटरांची रांग होती. एअरटॅगची जागा जवळून गेलेल्या कोणाच्यातरी फोनवरून ठरते, तिच्यावरून नेमके शटर सांगता येत नाही, आणि तेवढ्यावर झडतीचे वॉरंट मिळत नाही. मालकाने वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून तपास अधिकाऱ्याला पाठवले. त्या दिवशी त्यांचा काहीच उपयोग झाला नाही.

गाजावाजा करायचा का?

इथे दोन मते असतात आणि दोन्हींत तथ्य आहे. एक बाजू म्हणते, फोटो सगळीकडे पसरवा. गाडी इतकी ओळखीची झाली की कोणी विकत घेणार नाही. दुसरी म्हणते, गाडी तापली की चोर ती तोडतो. मूळ पोलादी ड्यूसचे दुर्दैव असे की तुकड्यांनाही गिऱ्हाईक असते.

ठरले ते असे: गाडीचे फोटो लगेच प्रसिद्ध करायचे, पण तीन गोष्टी झाकून ठेवायच्या. चासीचा क्रमांक, ब्लॉकमधल्या पिना, आणि क्विक-चेंजच्या डाव्या बेल हाउसिंगवरचा (बाजूच्या कवचावरचा) जुना वेल्ड, जो एका बाजूला जाड आणि मधेच तुटक होता. बक्षीस ५,००० डॉलर, पोलिसांनी खात्री केल्यानंतरच. फोन मालकाकडे न येता क्लबच्या एकाच माणसाकडे येतील अशी सोय केली.

पहिल्या आठवड्यात आलेले फोन बहुतेक लबाडांचे होते. “गाडी माझ्यासमोर आहे, आणायचा खर्च आधी पाठवा,” हा नेहमीचा नमुना. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला जाई: मागच्या अॅक्सलवर डाव्या बाजूला काय दिसते? एकालाही उत्तर देता आले नाही.

सुट्या भागाचा धागा

१९ व्या दिवशी ऑनलाइन जाहिरातीत एक हॅलिब्रँड क्विक-चेंज विक्रीला आला. विकणाऱ्याने धुऊन-पुसून फोटो काढले होते, पण वेल्ड तोच.

क्लबमधल्या काहींचे म्हणणे होते, विकत घेऊन टाकू, निदान तो भाग तरी हातचा जाणार नाही. तो मार्ग नाकारला, ते बरोबरच झाले. स्वतः विकत घेतले असते तर विकणारा गायब झाला असता आणि वस्तू कोणाच्या हातून कशी आली हा पुरावा विस्कटला असता. जाहिरातीच्या प्रती, विकणाऱ्याचे प्रोफाइल आणि वेल्डचे जुने-नवे फोटो शेजारी शेजारी लावून वाहनचोरी पथकाला दिले. चार दिवसांनी गिऱ्हाईक म्हणून गेले ते पोलीस.

विकणारा चोर नव्हता. कोणीतरी ‘अर्धवट प्रोजेक्ट मोडतोय’ म्हणून त्याने तो भाग रोखीने घेतला होता. अमेरिकी कायद्यात चोराकडून घेतलेल्या वस्तूची मालकी प्रामाणिक गिऱ्हाइकालाही मिळत नाही. त्याचे पैसे बुडाले, पण त्याने फोन नंबर आणि निरोप दाखवले. तो नंबर ज्याच्या नावावर होता, त्याने त्याच औद्योगिक वसाहतीत एक गाळा भाड्याने घेतला होता. आता पहिल्या दिवशीचे एअरटॅगचे स्क्रीनशॉट कामाला आले. एकटे निरुपयोगी ठरलेले ते कागद गाळ्याच्या भाडेकरारासोबत वॉरंटच्या अर्जात बसले.

ओळख पटवणे

२७ व्या दिवशी गाळा उघडला. बॉडी, चासी, दारे आणि इंजिन होते. कार्बुरेटर, चाके, स्ट्युअर्ट-वॉर्नरची मीटरे खोक्यांत भरलेली. विंडशील्डचे खांब नव्हते. फायरवॉलवर चार भोके. चासीवरचा पुढचा क्रमांक ग्राइंडरने साफ केलेला.

कॅलिफोर्नियात क्रमांक खोडलेले वाहन पोलीस जप्त करतात आणि मालकी सिद्ध झाल्यावरच सोडतात. या घडीला गाडीवर टायटलशी जुळणारे एक अक्षरही नव्हते. राज्याच्या महामार्ग पोलिसांच्या, म्हणजे हायवे पेट्रोलच्या, तपासनीसाने बॉडीचे बोल्ट सोडवून ती पुढून काही इंच उचलली. मधला ‘१८-’ क्रमांक शाबूत होता. चोराला पुढचा ठाऊक होता, खालचा नव्हता, किंवा बॉडी उचलण्याचा कंटाळा आला. घासलेल्या जागीही सगळे संपलेले नसते. क्रमांक ठोकताना खालच्या पोलादाचे कण दाबले जातात, आणि पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर अॅसिडचे विशिष्ट मिश्रण लावले की दाबलेला भाग वेगळ्या गतीने झिजून अंक पुन्हा उमटू शकतात. इथे चार अंक उमटले आणि चारही जुळले.

पण ‘१८-’ म्हणजे याच मालकाची गाडी, हे कशावरून? तिथे पुरवणीतले ठसे लागले. ठोकलेल्या अंकांची तिरपी ठेवण आणि ताऱ्याचे अंतर ठशांशी तंतोतंत जुळले. इंजिनचे हेड काढून पिना मोजल्या. सात. क्रमांक नसलेल्या ब्लॉकची ओळख त्याच्या जुन्या दुखण्यावरून पटली.

विमा

अनेक विमा कंपन्या चोरीच्या दाव्यात साधारण महिनाभर थांबतात. इथे २४ व्या दिवशी तडजोडीचा कागद आला. सही केली की ९५,००० डॉलर मिळणार, टायटल कंपनीकडे जाणार, आणि गाडी नंतर सापडली तर ती कंपनीची. मालकाने सही करण्याआधी लेखी हमी मागितली: गाडी मिळाल्यास परत विकत घेण्याचा पहिला हक्क, आणि किंमत कशी ठरवणार तेही. पत्रव्यवहार चालू असतानाच गाळा उघडला. हमी मागणे शहाणपणाचे होते. गाडी नेमकी त्याच आठवड्यात मिळणे हा निव्वळ योग. दोन आठवडे उशीर झाला असता तर सगळी मदार त्या हमीच्या शब्दांवर राहिली असती.

कंपनीने दुरुस्ती, टो आणि साठवणुकीचा खर्च दिला. ट्रेलरमधली हत्यारे आणि सुटे भाग यांच्यासाठी पॉलिसीत नाममात्र मर्यादा होती, तिथे मालकाचे काही हजार डॉलर गेले.

निष्पत्ती

पुरावा म्हणून गाडी सुमारे अडीच महिने अडकली. दुरुस्तीला १४,००० डॉलर लागले. विंडशील्डचे खांब अजून मिळालेले नाहीत, आणि क्रमांक नसलेला भाग कोणत्याही यादीत नीट शोधता येत नाही. हायवे पेट्रोलच्या पडताळणीनंतर डीएमव्हीने (राज्याच्या वाहन नोंदणी खात्याने) चासीच्या मूळ ‘१८-’ क्रमांकाने नवे टायटल दिले. म्हणजे धास्तीपोटी वर्षानुवर्षे टाळलेले काम चोरीमुळे झाले, फक्त फार महागात.

काय वेगळे करता आले असते

टायटलची दुरुस्ती गाडी ताब्यात असताना केली असती तर ओळख पटवण्याचे निम्मे काम वाचले असते. तपासणीत जुना क्रमांक दुसऱ्या चोरीशी जुळला तर गाडी अडकू शकते, ही भीती खोटी नाही. म्हणून आधी दोन्ही क्रमांक ओळखीच्या अधिकाऱ्याकडून चोरीच्या यादीत तपासून घ्यावेत आणि जुनी विक्रीपत्रे, फोटो, नोंदणीच्या पावत्या जमवून मगच जावे.

ट्रक आणि ट्रेलर रात्री वेगळे करणे कंटाळवाणे असले तरी उपयोगाचे. ट्रेलरचे मागचे दार भिंतीला टेकवावे, चाकाला लोखंडी जबडा लावावा, ट्रक पुढे आडवा उभा करावा. ट्रेलरवर क्लबचे चिन्ह नको.

ट्रॅकर पेटीत नको, गाडीतच हवा, आणि तोही स्वतःच्या सिमचा, गाडीच्या बॅटरीला जोडलेला. त्यात एक अडचण आहे: महिनाभर उभ्या राहणाऱ्या हॉट रॉडची छोटी बॅटरी ट्रॅकर पिऊन टाकतो, आणि बॅटरीचा मुख्य स्विच बंद ठेवण्याची सवय असेल तर ट्रॅकरही मरतो. त्याची तार स्विचच्या आधी जोडावी आणि गाडी उभी असताना बारीक चार्जर लावून ठेवावा. अॅल्युमिनियमच्या बंद ट्रेलरमध्ये सिग्नल अडखळतो, म्हणून ट्रेलरला निराळा ट्रॅकर लागतो.

एक काम मालकाने आठवणीने केले. गाडी घरी नेण्याआधी त्यांनी पोलिसांकडून चोरीची नोंद रद्द झाल्याची लेखी खात्री घेतली, दोन्ही क्रमांक पुन्हा तपासायला लावून. ‘१८-’ हा शेऱ्यात असल्याने तो सुटून जाण्याची शक्यता जास्त होती. नोंद तशीच राहिली तर पहिल्याच फेरीत मालकाला चोरीच्या गाडीतला संशयित म्हणून, बंदुका रोखून थांबवले जाते. त्या कागदाची एक प्रत आता गाडीच्या सीटखाली असते.